आधी ससा पाहिला, मग काढला

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या सरकारी रुग्णालयाच्या बालविभागात नऊ वर्षांची एक मुलगी दाखल होती. सुरुवातीला तिचा घसा दुखला. तो चार दिवसांत आपोआप बरा झाला म्हणून घरच्यांनी लक्ष दिलं नाही. मग दोन-अडीच आठवड्यांनी गुडघा सुजला. गुडघा उतरला तर घोटा सुजला. छातीला स्टेथोस्कोप लावल्यावर हृदयाच्या झडपेचा आवाज ऐकू आला. ऱ्हुमॅटिक फीव्हर. हृदय तपासायला मला बोलावलं होतं.

औषधं सुरू झाली, पण अशा मुलांना सगळ्यात जड जातं ते अंथरुणात पडून राहणं. आमच्या एका इंटर्नने तिच्या उशाशी एक चिमुकलं इंग्रजी चित्रांचं पुस्तक आणून ठेवलं होतं. निळा कोट घातलेला ससा, त्याच्या बहिणी, शेतमालक आणि त्याची भाजीची वाडी. मुलीला इंग्रजी येत नव्हतं. दुसऱ्या दिवशी राउंडला गेलो तर ती एकाच पानाकडे टक लावून बसली होती. पुस्तक आवडलं का, असं विचारलं तर तिने मलाच शिकवलं. ससा बिळात राहत नाही, तो गवतात खळगा करून बसतो, तिने शेतात पाहिलाय. पण या सशाचं नाक आणि कान मात्र अगदी खरे आहेत, आणि या चित्रात तो घाबरलेला आहे.

तिचं दोन्ही बाबतींत बरोबर होतं. आपल्या शिवारातला रानससा आणि इंग्लंडमधला बिळात राहणारा ससा हे वेगळे प्राणी आहेत. आपला बीळ खणत नाही. आणि त्या पुस्तकातला ससा खरा वाटतो, कारण तो काढणाऱ्या बाईने आधी कित्येक वर्षं खरा ससा जवळून पाहिला होता. तिचं नाव बिअ‍ॅट्रिक्स पॉटर. माझ्या छोट्या रुग्णाशी तिचं आणखी एक नातं होतं. वीस-एकवीस वर्षांची असताना तिलाही हाच ताप आला होता.

बिअ‍ॅट्रिक्सचा जन्म 28 जुलै 1866 रोजी लंडनच्या केन्सिंग्टन भागात झाला. दोन्ही आजोबांकडून कापडधंद्याचा पैसा आलेला. वडील रूपर्ट बॅरिस्टर होते, पण वकिलीपेक्षा छायाचित्रणात रमणारे. त्या काळच्या श्रीमंत घरांतल्या रीतीप्रमाणे मुलीला शाळेत घातलं नाही. घरी शिकवायला बाई येत. तिसऱ्या मजल्यावरची मुलांची खोली हेच तिचं जग. सहा वर्षांनी धाकटा भाऊ बर्ट्रम जन्मला आणि तिला जोडीदार मिळाला.

त्या खोलीत या भावंडांनी जे प्राणी पाळले त्यांची यादी वाचली तर आजच्या कुठल्याही सोसायटीची बैठक बोलावली जाईल. ससे, उंदीर, साळू, बेडूक, सरडे, वटवाघळं, शिवाय सापसुद्धा. नुसते पाळले नाहीत, तर त्यांचं निरीक्षण केलं, चित्रं काढली. एखादा प्राणी मेला की रडून झाल्यावर त्याची हाडं उकळून स्वच्छ करायची आणि सांगाडा पुन्हा जुळवायचा. मेडिकल कॉलेजच्या पहिल्या वर्षात आम्ही जे शिकलो, ते ही मुलगी घरच्या घरी शिकत होती. कातडीखाली स्नायू आणि स्नायूंखाली हाडं कशी बसलेली असतात हे एकदा कळलं की वरून कोट घातला तरी पाय चुकीच्या जागी वाकत नाही. तिच्या चित्रांचं गमक इथे आहे.

उन्हाळ्यात हे कुटुंब तीन-तीन महिने स्कॉटलंडमध्ये पर्थशायरला जाई, आणि 1882 पासून इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्ट या सरोवरांच्या प्रदेशातही. लंडनच्या बंद घरातून सुटलेल्या मुलांना ओढे, दगडी कुंपणं, जंगल आणि शेतं मिळाली. साधारण चौदा-पंधराव्या वर्षी तिने रोजनिशी लिहायला सुरुवात केली, तीही स्वतः तयार केलेल्या सांकेतिक लिपीत. ती पुढे पंधराएक वर्षं चालली. तिच्या मृत्यूनंतर 1958 मध्ये लेस्ली लिंडर या संग्राहकाने ती लिपी उलगडली, तोवर त्या पानांत काय आहे हे कुणालाच कळलं नव्हतं.

तारुण्यात तिची प्रकृती फारशी धड नव्हती. 1885 मध्ये एका आजारपणात केस इतके गळले की उरलेले कापून टाकावे लागले. 1887 मध्ये सांधे सुजवणारा ताप आला. इथे थोडं थांबून हा आजार समजून घेऊ. स्ट्रेप्टोकोकस नावाच्या जंतूंमुळे घसा येतो. जंतूंशी लढायला शरीर जी शस्त्रं तयार करतं, ती काही मुलांमध्ये स्वतःच्याच सांध्यांवर आणि हृदयाच्या झडपांवर उलटतात. सांधे बरे होतात, झडपा मात्र कायमच्या बिघडू शकतात. आज आम्ही घशातले जंतू पेनिसिलिनने मारतो, आणि एकदा ताप येऊन गेला असेल तर दर तीन-चार आठवड्यांनी लांब टिकणारं पेनिसिलिनचं इंजेक्शन वर्षानुवर्षं देतो. बिअ‍ॅट्रिक्सच्या वेळी जंतू मारणारं काहीच हाताशी नव्हतं. विलो झाडाच्या सालीतलं सॅलिसिन सांध्यांच्या वेदना आणि ताप उतरवतं हे स्कॉटलंडमधल्या थॉमस मॅक्लॅगन या डॉक्टरने 1876 मध्ये दाखवलं होतं. त्या कुळातली औषधं आणि विश्रांती, एवढाच इलाज. तिचं हृदय पुढे आयुष्यभर थोडं कमजोरच राहिलं.

या आजारपणांतून उठल्यावर तिने जे हाती घेतलं ते पुष्कळ वाचकांना ठाऊक नसतं. ते होतं बुरशीचं शास्त्र. पावसाळ्यात आपल्याकडे कुजक्या ओंडक्यावर आणि वारुळावर भूछत्रं उगवतात. स्कॉटलंडच्या ओल्या जंगलांत त्यांचे शेकडो प्रकार दिसतात. आधी रंगांनी ती मोहात पडली. पण नुसतं सुंदर चित्र काढून तिचं समाधान होईना. 1892 मध्ये तिची भेट चार्ल्स मॅकिंटॉश या माणसाशी झाली. हा पर्थशायरचा ग्रामीण पोस्टमन. टपाल वाटत रोज मैलोन्‌मैल पायी हिंडताना त्या भागातल्या वनस्पतींचा आणि भूछत्रांचा तो पक्का जाणकार झाला होता. शास्त्रासाठी चित्र काढायचं तर छत्रीचा उभा छेद दाखवायला हवा, खालच्या पापुद्र्यांची रचना दाखवायला हवी, हे त्याने तिला समजावलं. मग तो टपालाने तिला लंडनला नमुने पाठवू लागला आणि ती त्याला त्यांची चित्रं रंगवून परत पाठवू लागली. बॅरिस्टरची मुलगी आणि पोस्टमन, त्या काळच्या समाजात सहज न जुळणारी ही मैत्री एका छंदाने जुळवली.

तिने भूछत्रांची तीनशेहून अधिक चित्रं काढली. पण चित्रांपुढचा प्रश्न तिला सतावत होता. भूछत्राच्या पापुद्र्यांतून जी बारीक भुकटी गळते ते त्याचे बीजाणू. ते रुजतात कसे? जमिनीवर दिसणारी छत्री म्हणजे बुरशीचं नुसतं फळ. खरी बुरशी लाकडात किंवा मातीत पसरलेल्या बारीक धाग्यांच्या जाळ्यात असते. बिअ‍ॅट्रिक्सने घरच्या स्वयंपाकघरात काचेच्या पट्ट्यांवर बीजाणू रुजवून पाहिले, आणि त्यांतून फुटणारे धागे सूक्ष्मदर्शकाखाली पाहून रेखाटले. अनेक तज्ज्ञांनाही तेव्हा हे सहज जमत नव्हतं. आपल्या गोडा मसाल्यात पडणारं दगडफूल ज्या कुळातलं, त्या लायकेन वर्गाचाही ती अभ्यास करत होती. दगडफूल म्हणजे बुरशी आणि शेवाळ यांचा एकत्र संसार, हे आज शाळेत शिकवतात. तेव्हा त्यावरून विद्वानांत भांडणं चालू होती.

तिचे काका सर हेन्री रॉस्को नामांकित रसायनशास्त्रज्ञ होते. ते तिला क्यू येथील प्रसिद्ध वनस्पती उद्यानात घेऊन गेले. तिथल्या संचालकांनी, विल्यम थिसल्टन-डायर यांनी, या पदवी नसलेल्या तरुणीला फारसं मोजलं नाही. तिथलेच बुरशीतज्ज्ञ जॉर्ज मॅसी मात्र हळूहळू तिच्या बाजूने वळले. 1 एप्रिल 1897 रोजी लंडनच्या लिनियन सोसायटीत बीजाणूंच्या अंकुरणावरचा तिचा निबंध सादर झाला. तो सादर केला मॅसी यांनी, कारण स्त्रियांना सभेत बसायचीही परवानगी नव्हती. निबंधावर आणखी काम हवं असं ठरून तो मागे घेतला गेला, आणि पुढे तो हरवला. आज त्याची प्रत उपलब्ध नाही. सोसायटीने स्त्रियांना सदस्यत्व दिलं ते 1904 च्या अखेरीस. तिच्याशी झालेल्या वागणुकीबद्दल दिलगिरी व्यक्त केली, ती निबंधानंतर 100 वर्षांनी.

तिच्या शास्त्रीय कामाला काही जण अवाच्या सवा मोठं करून सांगतात. तसं करण्याचं कारण नाही. तिने बुरशीशास्त्रात क्रांती केली असं म्हणता येणार नाही, कारण तो निबंधच आपल्यापुढे नाही. पण तिची चित्रं आहेत. 1967 मध्ये डब्ल्यू. पी. के. फिंडले या बुरशीतज्ज्ञाने भूछत्रांवरच्या आपल्या पुस्तकात तिची 59 चित्रं वापरली. शास्त्राचं दार बंद झाल्यावर 70 वर्षांनीही जी चित्रं शास्त्राच्या उपयोगी पडतात, ती काढणाऱ्या हाताबद्दल आणखी काय सांगायचं?

दुसरं दार मात्र एका आजारी मुलामुळे उघडलं. तिच्या शेवटच्या शिक्षिका अ‍ॅनी कार्टर लग्नानंतर मूर झाल्या. त्यांचा मोठा मुलगा नोएल पाच वर्षांचा असताना अंथरुणाला खिळून होता. 4 सप्टेंबर 1893 रोजी बिअ‍ॅट्रिक्सने त्याला स्कॉटलंडहून पत्र लिहिलं. दुसरं काय लिहावं सुचेना म्हणून चार सशांची गोष्ट लिहिली, मध्येमध्ये चित्रं काढली. स्वतः महिनोन्‌महिने पडून राहिलेल्या माणसालाच कळतं की पडून राहिलेल्या मुलाला उपदेश नको असतो, पाहायला काहीतरी हवं असतं.

नोएलने ते पत्र जपून ठेवलं होतं. काही वर्षांनी तिने ते त्याच्याकडून उसनं मागून घेतलं आणि गोष्ट वाढवून पुस्तक केलं. किमान सहा प्रकाशकांनी ते नाकारलं. पुस्तक लहान मुलाच्या हातात मावेल एवढंच असावं आणि किंमत कमी असावी, असा तिचा आग्रह होता. शेवटी डिसेंबर 1901 मध्ये तिने स्वखर्चाने 250 प्रती छापल्या. ज्याच्यावरून चित्रं काढली तो पीटर नावाचा पाळीव ससा त्याच वर्षीच्या जानेवारीत वारला होता. फ्रेडरिक वॉर्न अँड कंपनी या प्रकाशकांनी चित्रं रंगीत करण्याच्या अटीवर पुस्तक स्वीकारलं. ऑक्टोबर 1902 मध्ये ते बाजारात आलं आणि वर्ष संपायच्या आत 28,000 प्रती छापाव्या लागल्या. पुढे बेडूक, खार, साळू, बदक, मांजरीची पिल्लं असं करत अशी 23 चिमुकली पुस्तकं झाली.

या जुन्या चित्रपुस्तकांची मोहिनी सव्वाशे वर्षांनी का टिकून आहे? डॉक्टर म्हणून मला एक कारण दिसतं. त्यांत खोटा गोडवा नाही. ससा कोट घालतो, पण संकटात सापडला की कोट टाकून चार पायांवर पळतो. त्याच्या बापाचं काय झालं हे गोष्टीच्या सुरुवातीलाच आई सांगून टाकते. शेतमालकाच्या बायकोने त्याला शिजवला. जास्त खाल्ल्यावर ससा पोट बरं वाटावं म्हणून पार्सली शोधतो, आणि शेवटी आई त्याला कॅमोमाइल फुलांचा काढा पाजते. दुसऱ्या एका पुस्तकात पिल्लं लेट्यूसची पानं खाऊन गाढ झोपतात. लेट्यूसच्या चिकाला झोप आणणारा म्हणून युरोपच्या जुन्या वैद्यकात मान होता, हे तिला माहीत होतं. मागच्या झाडांची पानं ओळखू येतात, भिंतीवरचं शेवाळही. मूल पुस्तक मिटून बाहेर गेलं तर तेच पान त्याला खरोखर सापडू शकतं.

सुख मात्र फार दिवस लाभलं नाही. प्रकाशक कुटुंबातल्या नॉर्मन वॉर्नशी कामाच्या निमित्ताने रोजची पत्रापत्री होती. जुलै 1905 मध्ये त्याने तिला मागणी घातली. धंद्यातला माणूस म्हणून आईवडिलांचा विरोध होता, तरी वयाच्या 39 व्या वर्षी तिने होकार दिला. महिनाभरातच, 25 ऑगस्टला, नॉर्मन ल्युकेमियाने, म्हणजे रक्ताच्या कर्करोगाने गेला. वय अवघं 37. तेव्हा या आजारावर खरा उपाय नव्हता. मुलांमधला ल्युकेमिया तात्पुरता का होईना मागे हटवणारं पहिलं औषध 1948 मध्ये बोस्टनच्या सिडनी फार्बर यांनी जगापुढे आणलं, आणि ते तयार करणाऱ्या चमूचे प्रमुख होते आपले येल्लाप्रगडा सुब्बाराव. नॉर्मनसाठी ते 43 वर्षं उशिरा आलं.

त्या वर्षीच्या शरद ऋतूत बिअ‍ॅट्रिक्सने लेक डिस्ट्रिक्टमधल्या निअर सॉरी गावी हिल टॉप नावाचं शेत पुस्तकांच्या पैशातून विकत घेतलं. दुःखातून बाहेर यायला तिने काम शोधलं, आणि ते हाताने करायचं काम होतं. आसपासची जमीन घेताना विल्यम हीलिस हे स्थानिक वकील मदत करत. 15 ऑक्टोबर 1913 रोजी वयाच्या 47 व्या वर्षी तिने त्यांच्याशी लग्न केलं. गावात ती मिसेस हीलिस झाली. पुस्तकं हळूहळू मागे पडली. डोळेही पूर्वीसारखे बारीक कामाला साथ देत नव्हते.

पुढची 30 वर्षं ती शेतकरी होती. जाडेभरडे लोकरी कपडे, पायात लाकडी तळाचे बूट. त्या डोंगरांतल्या हर्डविक जातीच्या काटक मेंढ्या नामशेष होऊ नयेत म्हणून तिने त्यांचे कळप वाढवले. मेंढ्यांच्या आजारांवर नवी औषधं आली की ती वापरून बघायला ती मागेपुढे पाहत नसे. गावोगावच्या प्रदर्शनांत तिच्या मेंढ्या बक्षिसं मिळवत. हर्डविक पैदासकारांच्या संघटनेने 1944 सालासाठी तिला अध्यक्ष निवडलं. हा मान मिळवणारी ती पहिली स्त्री. ज्ञानाच्या सभेत जिला बसू दिलं नव्हतं तिला मेंढपाळांनी खुर्चीवर बसवलं, पण ती खुर्ची घेण्याआधीच तिचं निधन झालं.

आमच्या क्षेत्राशी तिचा संबंध तुटला नाही. पहिल्या महायुद्धानंतर आसपासच्या खेड्यांसाठी एक परिचारिका असावी म्हणून तिने निधी उभा करायला पुढाकार घेतला. बाळंतपण, ताप, जखमा यांसाठी घरोघर जाणारी नर्स म्हणजे काय, हे आपल्या आरोग्यसेविकांचं काम पाहिलेल्यांना सांगायला नको. आजारी आणि अपंग मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थेला नाताळच्या शुभेच्छापत्रांकरता ती वर्षानुवर्षं सशांची चित्रं विनामूल्य देत राहिली.

22 डिसेंबर 1943 रोजी श्वासनलिकांच्या सुजेने ती गेली. मुळात कमजोर असलेल्या हृदयाला तो ताण झेपला नाही. चार हजार एकरांहून अधिक जमीन आणि डझनाहून जास्त शेतं तिने नॅशनल ट्रस्टला दिली, मेंढ्या हर्डविकच राहतील या अटीसह. आज लेक डिस्ट्रिक्टला जाणारा पर्यटक जे हिरवे डोंगर पाहतो, त्यांतले बरेचसे एका सशाच्या कमाईतून वाचलेले आहेत.

तिच्या मृत्यूच्या वर्षीच पेनिसिलिनचं मोठं उत्पादन सुरू होऊन युद्धातल्या जखमींना ते मिळू लागलं होतं. अलेक्झांडर फ्लेमिंग यांना 1928 मध्ये ते सापडलं ते लंडनमधल्या एका काचेच्या बशीत चुकून उगवलेल्या बुरशीत. पेनिसिलियमचा एक बीजाणू कुठून तरी उडत येऊन त्या बशीत रुजला होता. बिअ‍ॅट्रिक्सचा विषय तोच होता, बीजाणू कसा रुजतो. तिच्या तरुणपणीच्या तापावरचं औषध तिच्या आवडीच्याच राज्यातून आलं, फक्त तिच्या उपयोगी पडलं नाही.

दोन गोष्टी सांगून थांबतो. मुलांचा घसा दुखून ताप आला आणि गळ्यात गाठी आल्या तर तो अंगावर काढू नका. डॉक्टरांना दाखवा, आणि दिलेलं औषध बरं वाटलं तरी पूर्ण करा. दुसरी गोष्ट, पावसाळ्यात मुलांना भूछत्रं दाखवायला न्या, कागद-पेन्सिल द्या, काढू द्या. खाऊ मात्र नका. रानातली विषारी भूछत्रं शिजवूनही सुरक्षित होत नाहीत, आणि काहींचं विष सहा-आठ तास किंवा त्याहून उशिरा उलट्या-जुलाबांनी लक्षात येतं, तोवर यकृताचं नुकसान सुरू झालेलं असतं.

आणि ती मुलगी. घरी जाताना तिने केसपेपरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर एक ससा काढून सिस्टरांना दिला. गवताच्या खळग्यात बसलेला, कान पाठीला चिकटलेले, अंगात कोट नाही. त्यानंतर ती आईबरोबर दर तीन आठवड्यांनी एसटीने इंजेक्शनला येत राहिली. तिच्या कार्डावर एकही तारीख चुकलेली नाही.